सिलिकोसिसची व्याख्या आणि कामगाराची भरपाई : १९३० च्या जोहान्सबर्ग परिषदेचा विचार

कामावर असताना कामगाराला झालेली इजा आणि त्याच कामामुळे त्याला जडलेला रोग या दोहोंत वैद्यकाच्या दृष्टीने तत्त्वतः फरक नाही. दोहोंचे कारण काम हेच असते, आणि दोहोंचा परिणाम कामाची शक्ती उणावण्यात किंवा जीव जाण्यात होतो. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या दृष्टीने मात्र हा फरक फार मोठा आहे. यंत्रात हात सापडला तर त्या घटनेला दिवस असतो, वेळ असते, स्थळ असते आणि बहुधा साक्षीदारही असतात. धुळीने फुप्फुस निकामी झाले तर यांपैकी काहीच सांगता येत नाही. रोग वर्षानुवर्षे न कळत वाढतो. तो प्रकट होतो तेव्हा कामगार कदाचित दुसऱ्याच मालकाकडे असतो, किंवा काम सोडून गावी गेलेला असतो. अशा वेळी कामगाराच्या बाजूने बोलू शकेल असा साक्षीदार एकच उरतो, आणि तो म्हणजे डॉक्टर. म्हणूनच व्यावसायिक रोगांवर भरणाऱ्या वैद्यकीय परिषदा केवळ शास्त्रचर्चेच्या सभा राहत नाहीत. तेथे ठरलेली व्याख्या पुढे कायद्यात जाते, आणि कोणाला भरपाई मिळावी व कोणाला मिळू नये हे ती व्याख्या ठरविते. ऑगस्ट १९३० मध्ये जोहान्सबर्ग येथे भरलेली आंतरराष्ट्रीय सिलिकोसिस परिषद हे या गोष्टीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आहे.

१. अपघात आणि रोग

हा प्रश्न कायद्यापुढे प्रथम कोणत्या रूपाने उभा राहिला, ते इंग्लंडमधील दोन निकालांवरून स्पष्ट होते. तेथील १८९७ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामगाराला एक मोठा हक्क दिला. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही, कामातून व कामाच्या ओघात अपघात झाला एवढे दाखविले की भरपाई मिळू लागली. पण या हक्काचा सारा आधार ‘अपघात’ या शब्दावर होता. किडरमिन्स्टर येथील एका गालिच्याच्या कारखान्यात लोकर निवडणाऱ्या कामगाराला अँथ्रॅक्स होऊन मृत्यू आला. त्या रोगाचा जंतू लोकरीतून उडून त्याच्या डोळ्यात गेला होता. हा जंतू शरीरात शिरण्याचा क्षण म्हणजेच अपघात होय, असे १९०५ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने ठरविले, आणि भरपाई मान्य झाली. त्याच वर्षी जहाजबांधणीच्या कारखान्यात शिशाशी संबंध येणाऱ्या एका कामगाराचा दावा अपील न्यायालयापुढे आला. शिशाचे विष त्याच्या शरीरात थोडे थोडे करून साचले होते; ते अमुक दिवशी शिरले असे दाखविता येत नव्हते. म्हणून तो अपघात नव्हे असा निर्णय झाला. एका जंतूच्या क्षणिक प्रवेशाला जी भरपाई मिळाली ती अनेक महिन्यांच्या विषबाधेला मिळाली नाही.

या विसंगतीवर १९०६ च्या कायद्याने जो उपाय काढला तोच पुढे बहुतेक देशांनी स्वीकारला. कायद्याला एक अनुसूची जोडण्यात आली. तिच्या एका बाजूला रोगांची नावे होती आणि दुसऱ्या बाजूला ते रोग ज्या कामांत होतात त्या कामांची. शिसे, पारा, फॉस्फरस व आर्सेनिक यांच्या विषबाधा, अँथ्रॅक्स आणि खाणकामगारांना होणारा अंकुशकृमिरोग असे सहा रोग तीत होते. अनुसूचीतल्या कामावर असलेल्याला अनुसूचीतला रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. जर्मनीने १९२५ मध्ये अकरा रोगांची यादी केली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या त्याच वर्षीच्या अठराव्या कराराने शिसे, पारा व अँथ्रॅक्स या तिघांना सर्व सभासद देशांसाठी मान्यता दिली. हिंदुस्थानातही १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला अशीच तिसरी अनुसूची होती, आणि अनुसूचित रोग हा ‘अपघाताने झालेली इजा’ मानावा अशीच त्या कायद्याची भाषा होती. रोगाला भरपाई मिळाली खरी. परंतु ती अपघाताचे नाव घेऊनच मिळाली.

अनुसूचीचा लाभ उघड आहे. एकेकट्या, निर्धन व बहुधा निरक्षर कामगाराने जे सिद्ध करणे अशक्य असते ते कायदा एकदाच सर्वांसाठी मान्य करून टाकतो. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. जो रोग यादीत नाही तो कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. आणि जो यादीत आहे त्याचे अस्तित्वही तो ओळखणाऱ्या तपासणीवर अवलंबून असते. अमुक कामगाराला तो रोग आहे की नाही, असल्यास किती आहे, आणि तो कोणत्या तपासणीने ठरवावयाचा, हे कायदेमंडळ ठरवू शकत नाही. ते वैद्यकालाच ठरवावे लागते. सिलिकोसिसच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत बिकट होता.

२. रँडच्या खाणी

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड या टेकड्यांच्या रांगेत १८८६ मध्ये सोने सापडले. तेथील सोने विपुल आहे, परंतु ते कठीण गारेच्या खडकात अत्यंत बारीक कणांच्या रूपाने विखुरलेले आहे. थोड्या सोन्यासाठी पुष्कळ खडक फोडावा लागतो, आणि तो फोडताना असंयुक्त सिलिकेची बारीक धूळ उडते. हवेच्या दाबावर चालणारी भोके पाडण्याची यंत्रे आल्यावर काम वेगाने होऊ लागले, आणि धुळीचे प्रमाणही त्याच वेगाने वाढले. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धामुळे खाणी बंद पडल्या होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा युद्धापूर्वी ही यंत्रे चालविणाऱ्या गोऱ्या कामगारांपैकी दोनशेहून अधिक जण मरण पावल्याचे आढळले. त्यांतले बहुतेक तरुण होते. या प्रकाराच्या चौकशीसाठी १९०२ मध्ये वेल्डन आयोग नेमण्यात आला.

यानंतर तेथे झालेले कायदे त्या काळात जगात अग्रेसर मानले जात. १९११ व १९१२ मध्ये खाणकामगारांच्या क्षयासंबंधीचे कायदे होऊन सिलिकोसिसला भरपाई मिळू लागली. ही मान्यता देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या कायद्यांत त्यांची गणना होते. १९१६ मध्ये एक स्वतंत्र वैद्यकीय ब्यूरो स्थापन झाला. गोऱ्या खाणकामगाराला कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठराविक काळाने त्याची तपासणी होई, आणि तीत क्ष-किरण चित्राचा उपयोग केला जाई. भोके पाडताना पाणी वापरणे, सुरुंग उडविल्यानंतर काही काळ खाणीत न जाणे, वायुवीजन सुधारणे असे धूळ कमी करण्याचे उपायही अमलात आले. क्ष-किरण चित्रे, शवपरीक्षेत मिळालेली फुप्फुसे आणि कामाच्या नोंदी यांचा जो साठा जोहान्सबर्ग येथे जमला होता तेवढा दुसरीकडे कोठेही नव्हता. परिषदेसाठी ते शहर निवडले गेले याचे कारण हेच होय.

३. परिषद

ही परिषद आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या विद्यमाने १३ ते २७ ऑगस्ट १९३० या काळात भरली. तिच्या खर्चाचा मोठा भार खाणमालकांच्या संघाने, म्हणजे ट्रान्सवाल चेंबर ऑफ माइन्सने, उचलला होता. परिषद तज्ज्ञांची होती. कामगार, मालक व सरकार अशा तिन्ही पक्षांना श्रमसंघटनेच्या वार्षिक अधिवेशनात जे स्थान असते तसे येथे नव्हते. यजमानांकडून वैद्यकीय ब्यूरोचे एल. जी. अर्व्हिन, पनामा कालव्यावर आरोग्याचे काम केलेले आणि पुढे रँडवरील खाणींचे वैद्यकीय प्रमुख झालेले ए. जे. ओरेनस्टाइन, तसेच धुळीच्या परिणामांवर प्रयोग करणारे मॅव्हरोगॉर्डाटो असे अधिकारी पुरुष उपस्थित होते. इंग्लंडहून कारखाना-निरीक्षण खात्याचे मिडलटन, अमेरिकेहून सॅरनॅक लेक येथील संशोधक लेरॉय गार्डनर, आणि जिनीव्हाहून श्रमसंघटनेच्या आरोग्य विभागाचे कारोझ्झी आले होते. जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इत्यादी देशांचेही तज्ज्ञ होते.

परिषदेचे मुख्य कार्य व्याख्येचे होते. त्या वेळी खाणकामगारांच्या या रोगाला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे होती. कोणी त्याला क्षयाचाच एक प्रकार समजत, कोणी दगडफोड्यांचा दमा म्हणत, आणि कोणतीही धूळ सारखीच घातक असते असेही पुष्कळांना वाटे. परिषदेने निःसंदिग्धपणे सांगितले की, सिलिकोसिस ही असंयुक्त सिलिकेची धूळ श्वासाबरोबर आत गेल्याने फुप्फुसांत होणारी विकृती आहे, आणि ती क्षयाहून भिन्न आहे. रोग उत्पन्न होण्यासाठी कण अतिसूक्ष्म असावे लागतात, म्हणजे दहा मायक्रॉनांपेक्षा लहान. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात व घशात अडकते, तर न दिसणारी धूळ फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचते. आज याची कारणमीमांसा अधिक नेमकेपणाने सांगता येते. फुप्फुसातील भक्षकपेशी हे कण गिळतात. परंतु सिलिकेने त्या पेशी स्वतःच मरतात, गिळलेले कण पुन्हा मोकळे होतात, आणि हेच चक्र चालू राहून त्या जागी तंतुमय गाठी तयार होतात. याच कारणाने सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाची बाधा फार सहज होते, आणि धुळीतून बाहेर पडल्यावरही त्याचा रोग वाढतच राहतो. स्फटिकरूप सिलिकेने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले. १९३० मध्ये ही गोष्ट ज्ञात नव्हती.

व्याख्येनंतर परिषदेने रोगाच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिल्या अवस्थेत क्ष-किरण चित्रात गाठींच्या छाया दिसू लागतात. परंतु धाप थोडी असते आणि काम करण्याची शक्ती फारशी उणावत नाही, किंवा मुळीच उणावत नाही. दुसऱ्या अवस्थेत धाप स्पष्ट होते. तिसऱ्या अवस्थेत माणूस कामाला निरुपयोगी होतो. हे वर्गीकरण वैद्यकीय आहे, पण त्याची घडण भरपाईच्या गरजेतून झालेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अवस्थेवरून कामाची शक्ती किती गेली ते ठरावे, आणि शक्तीवरून रक्कम ठरावी, असा तो क्रम आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात अशा पायऱ्या आधीपासूनच होत्या. परिषदेने त्या कल्पनेला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली.

या कार्याचे फळ लवकरच मिळाले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९३४ मध्ये केलेल्या बेचाळिसाव्या कराराने भरपाईयोग्य रोगांची संख्या तीनवरून दहावर नेली, आणि त्यांत सिलिकोसिसचा समावेश झाला. क्षय सोबत असो वा नसो, मात्र आलेल्या अपंगत्वाचे किंवा मृत्यूचे सिलिकोसिस हे एक मूलभूत कारण असले पाहिजे, अशी अट त्यात होती. ‘दगडाची धूळ लागते’ एवढेच ज्याच्याविषयी शतकानुशतके बोलले जात होते त्या रोगाला आंतरराष्ट्रीय कायद्यात नाव मिळाले, आणि त्यात जोहान्सबर्ग परिषदेचा वाटा मोठा होता. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

४. जे तपासले गेले नाही

तथापि परिषदेपुढे असलेला पुरावा कोणाचा होता, हा प्रश्न येथे विचारावा लागतो. १९३० च्या सुमारास रँडच्या खाणींत गोरे कामगार सुमारे वीस हजार होते, तर आफ्रिकी कामगार सुमारे दोन लक्ष होते. मोझांबिक, बासुटोलँड (आजचे लेसोथो), ट्रान्सकाय इत्यादी प्रदेशांतून काही महिन्यांच्या कराराने त्यांची भरती होई. करार संपला की ते गावी परत जात, आणि पुन्हा भरती होऊन परत येत. खडकासमोर उभे राहून धुळीत श्रम करण्याचे काम मुख्यतः तेच करीत. परंतु गोऱ्या कामगारासाठी जशी क्ष-किरण तपासणी होती तशी आफ्रिकी कामगारासाठी नव्हती. त्याला ओळीत उभे करून डोळ्यांनी पाहिले जाई आणि ठराविक काळाने त्याचे वजन केले जाई. वजन घटलेले दिसले तर पुढची तपासणी होई. वजन ही क्षयाची व अशक्ततेची खूण आहे; सिलिकोसिसची नव्हे. सिलिकोसिसच्या पहिल्या अवस्थेत माणसाचे वजन घटत नाही. अर्थात ज्या साधनाने रोग सापडूच शकत नव्हता त्या साधनाने तो शोधला जात होता, आणि तो फारसा सापडला नाही असे आकडे तयार होत होते.

या आकड्यांच्या समर्थनार्थ एक उपपत्तीही मांडली जाई. आफ्रिकी कामगार थोडे महिने काम करतो व मध्ये गावी जाऊन मोकळ्या हवेत राहतो. म्हणून त्याला हा रोग क्वचितच होतो, असे म्हटले जात असे. फुप्फुसात शिरलेली सिलिका गावाच्या हवेने बाहेर पडत नाही. दहा करारांतली धूळ एकाच फुप्फुसात जमा होते, आणि रोग बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसू लागतो. तोपर्यंत तो माणूस खाणीच्या दप्तरात नसतो. आजारी पडलेल्या कामगाराला घरी पाठविण्याची पद्धत असल्यामुळे मृत्यूची नोंदही खाणीत न होता गावी होई, किंवा होतच नसे. आणि त्याच्याबरोबर क्षयाचा संसर्ग मात्र त्या गावात जाई. भरपाईच्या बाबतीतही असाच भेद होता. गोऱ्या कामगाराला निवृत्तिवेतनासारखे लाभ होते. आफ्रिकी कामगाराला एकरकमी अल्प रक्कम मिळे, आणि तीही त्याचा रोग सापडला तरच.

हा दोष एकट्या दक्षिण आफ्रिकेचा होता असे समजण्याचे कारण नाही. परिषद भरली त्याच वर्षी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून पाण्याचा बोगदा खणण्याचे काम सुरू झाले होते. तेथील खडकात सिलिका भरपूर होती, भोके कोरडीच पाडली जात होती, आणि कामगार बहुतांशी दक्षिणेकडील राज्यांतून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय होते. काही महिन्यांतच माणसे मरू लागली. त्या राज्याच्या भरपाई कायद्यात तेव्हा सिलिकोसिस नव्हता. १९३५ मध्ये त्यासाठी कायदा झाला, आणि १९३६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. मार्टिन चेर्नियाक यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मृतांचा अंदाज ७६४ असा दिला आहे. रोगाचे ज्ञान त्या वेळी पूर्ण होते. परंतु ते ज्ञान या कामगारांपर्यंत नेणारी तपासणी नव्हती, नोंद नव्हती आणि कायदाही नव्हता.

५. उशिरा आलेला पुरावा

दक्षिण आफ्रिकेत खरी स्थिती कळण्यास पुढे सुमारे साठ वर्षे लागली. बोट्स्वानातील थामागा या गावी राहणाऱ्या माजी खाणकामगारांची जेव्हा क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा त्यांच्यापैकी २६ ते ३१ टक्क्यांच्या फुप्फुसांत धुळीच्या रोगाच्या खुणा आढळल्या. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ट्रान्सकायमधील लिबोडे येथील माजी कामगारांविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण, चित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञानुसार, २२ ते ३६ टक्के होते. खाणकामगारांच्या शवपरीक्षांच्या नोंदींवरून असे दिसले की, कृष्णवर्णीय सुवर्णखाण-कामगारांत सिलिकोसिसचे प्रमाण १९७५ मध्ये ३ टक्के होते, ते २००७ मध्ये ३२ टक्क्यांवर गेले. या वाढीचे एक कारण असे की, १९७० नंतरच्या दशकांत हे कामगार अधिक सलग व अधिक वर्षे काम करू लागले. म्हणजे शरीराचे संरक्षण करणारी अशी काही गोष्ट त्यांच्यापाशी कधीच नव्हती. फक्त ती धूळ मोजण्यास कोणी थांबले नव्हते.

कायद्यातील वंशभेद १९९३ च्या दुरुस्तीने दूर झाला. २०११ मध्ये तेथील घटना-न्यायालयापुढे एका माजी खाणकामगाराचा दावा आला. सोळा वर्षे खाणीत काम करून फुप्फुसांचा रोग जडलेल्या या माणसाला विशेष कायद्यानुसार एकूण १६,३२० रँड मिळाले होते. अशी भरपाई घेतलेल्या कामगाराला मालकाविरुद्ध सामान्य कायद्याने दावा लावता येतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. परंतु निकाल लागण्याच्या थोडे दिवस आधीच तो मरण पावला होता. या निर्णयाने पुढचा मार्ग मोकळा झाला. २०१६ मध्ये सामूहिक दाव्याला मान्यता मिळाली, २०१८ मध्ये सहा खाणकंपन्यांशी सुमारे ५ अब्ज रँडची तडजोड झाली, आणि जुलै २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने ती मंजूर केली. ज्या शहरात १९३० मध्ये रोगाची व्याख्या ठरली त्याच शहरात, ८९ वर्षांनी, त्या व्याख्येबाहेर राहिलेल्यांचा हक्क मान्य झाला.

६. भारतीय अनुभव

भारताच्या अनुभवाशी याचे साम्य विचार करावयास लावणारे आहे. १९२३ च्या कायद्याची तिसरी अनुसूची तीन भागांत विभागलेली होती. पहिल्या भागातील रोगांना नोकरीच्या कालावधीची अट नव्हती. दुसऱ्या भागातील रोगांसाठी सलग सहा महिन्यांची नोकरी लागे. आणि सिलिकोसिस, बिसिनोसिस यांसारख्या हळूहळू वाढणाऱ्या रोगांच्या तिसऱ्या भागासाठी केंद्र सरकार कालावधी ठरवी. बेचाळिसाव्या कराराला भारताने १९६४ मध्ये मान्यता दिली. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. व्यावसायिक रोगांची अनुसूची तिच्यातही आहे. तेव्हा यादीची उणीव येथे नाही. उणीव आहे ती यादी आणि माणूस यांना जोडणाऱ्या नोंदींची.

मध्य प्रदेशातील अलिराजपूर व झाबुआ या जिल्ह्यांतील आदिवासी कामगार गुजरातमध्ये गोध्रा भागातील गार दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. तेथून ते सिलिकोसिस घेऊन गावी परतले आणि गावीच मेले. अशा कामगाराजवळ हजेरीपत्रकाचा किंवा पगारपत्रकाचा दाखला क्वचितच असतो. आणि नोकरी सिद्ध झाल्याखेरीज अनुसूचीचे गृहीत त्याच्या उपयोगी पडत नाही. त्यांच्यापैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत ही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची शिफारस सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये गुजरात सरकारला अमलात आणावयास लावली. नुकसानभरपाईच्या नेहमीच्या यंत्रणेने जे करावयाचे ते येथे सर्वोच्च न्यायालयाला करावे लागले. राजस्थानने २०१९ मध्ये जे धोरण स्वीकारले त्यात या अडचणीची दखल आहे. वैद्यकीय मंडळाने रोग प्रमाणित केला की राज्याकडून साहाय्य मिळते. त्यासाठी मालक कोण हे सिद्ध होईपर्यंत थांबावे लागत नाही.

मुंबईच्या सूतगिरण्यांतील बिसिनोसिसचे उदाहरण याहून वेगळे आहे, आणि तपासणीच्या मर्यादा ते दुसऱ्या बाजूने दाखविते. कापूस मोकळा करण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत कापसाची बारीक धूळ सर्वांत अधिक असते. तेथील कामगाराला आठवड्याच्या सुटीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते वाटणे कमी होते, आणि पुढच्या सुटीनंतर पुन्हा सुरू होते. वर्षे लोटली की ही धाप रोजचीच होते. परंतु सिलिकोसिसप्रमाणे या रोगाची ठराविक छाया क्ष-किरण चित्रात पडत नाही. शेवटच्या अवस्थेत तो विडी ओढणाऱ्याच्या जुनाट खोकल्याहून वेगळा ओळखणेही कठीण असते. इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतर या रोगाच्या पायऱ्या ठरविल्या त्या मुख्यतः कामगाराने सांगितलेल्या लक्षणांवरूनच. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या श्वसनरोग विभागाने गिरणीकामगारांच्या ज्या पाहण्या केल्या त्यांतही कोणत्या दिवशी छाती आवळते हा प्रश्न महत्त्वाचा होता. येथे कामगाराचे म्हणणे हाच पुराव्याचा गाभा असतो. जी मंडळे केवळ चित्रावर विश्वास ठेवतात त्यांच्या दृष्टीने हा रोगी नसतोच. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, आणि ज्यांची कधी तपासणीच झाली नव्हती अशा पुष्कळ कामगारांचा कामाच्या जागेशी असलेला संबंधच तुटला.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. व्यावसायिक रोगाची भरपाई तीन पायऱ्यांनी मिळते : वैद्यकाने रोगाची व्याख्या करणे, कायद्याने ती अनुसूचीत घेणे, आणि प्रत्यक्ष कामगाराची तपासणी होऊन त्याच्या कामाची नोंद सापडणे. जोहान्सबर्ग परिषदेने पहिली पायरी उत्तम रीतीने पूर्ण केली, आणि चार वर्षांत दुसरीही साधली गेली. तिसरी पायरी तिने आपल्या कक्षेबाहेरची मानली. परंतु ज्या माणसांची फुप्फुसे व्याख्येसाठी अभ्यासली गेली ती माणसे आणि जी धुळीत सर्वाधिक होती ती माणसे एकच नव्हती. म्हणून तिसऱ्या पायरीतील उणीव पहिल्या पायरीच्या शास्त्रातही शिरली. थोड्या मुदतीच्या करारामुळे रोग होत नाही ही समजूत शास्त्रीय निष्कर्ष म्हणून इतकी वर्षे टिकली ती यामुळेच.

तेव्हा व्यावसायिक वैद्यकाच्या कोणत्याही परिषदेपुढे रोगाचे निदान कसे करावे या प्रश्नाच्या जोडीला आणखी दोन प्रश्न असावयास हवेत. ज्यांच्या तपासणीवरून हे आकडे निघाले ते कामगार कोण, आणि काम सोडून गेलेल्यांचे पुढे काय झाले? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कामाची जागा हे तत्त्व आपल्या मूलभूत तत्त्वांत समाविष्ट केले. ते तत्त्व व्यवहारात यावयाचे असेल, तर कंत्राटी व स्थलांतरित कामगाराच्या कामाची नोंद त्याच्यापाशी राहिली पाहिजे, आणि काम सुटल्यानंतरही निदान वीस वर्षे त्याची तपासणी मोफत होत राहिली पाहिजे. सिलिकेची धूळ उडू न देणे हा यावरील खरा उपाय आहे. पाण्याचा वापर आणि वायुवीजन ही त्याची साधने रँडच्या खाणींना शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होती. ती साधने जेथे वापरली गेली नाहीत तेथे किती माणसे मेली, हे निदान नीट मोजले जावे, एवढी अपेक्षा भरपाईच्या कायद्याकडून आणि त्याला साहाय्य करणाऱ्या वैद्यकाकडून करणे अवाजवी नाही.